चिपचे आयुष्य आणि गिटारचे आयुष्य : बंद पडलेल्या डिजिटल गिटारींचा इतिहास

१/
अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९६० साली आपली एक गिटार बनवणे थांबवले, कारण तिला पुरेसे गिऱ्हाईक नव्हते. अर्धशतकानंतर त्याच कंपनीने अत्याधुनिक म्हणून आणखी एक गिटार बाजारात आणली. तीही फारशी खपली नाही आणि बंद झाली. पहिल्या गिटारीचे शिल्लक नमुने आज लाखो डॉलरना विकले जातात. दुसरीचे शेकडो नमुने जमिनीवर पसरून त्यांच्यावरून अवजड यंत्र फिरवण्यात आले. एकाच घराण्यातील दोन वाद्यांच्या वाट्याला इतके भिन्न दैव का आले, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/
विद्युत गिटारीचे मूळ तंत्र १९३० च्या दशकाच्या आरंभी सिद्ध झाले. तव्यासारख्या आकारामुळे 'फ्राइंग पॅन' म्हणून ओळखली गेलेली रिकनबॅकरची गिटार हा त्याचा पहिला यशस्वी नमुना. तत्त्व साधे होते : चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे, आणि त्यावर कंप पावणारी पोलादी तार. तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उमटतो. हाच तो 'पिकअप'. त्याला बॅटरी लागत नाही.

३/
पिकअपच्या जोडीला आवाज आणि स्वराचा पोत बदलणारी फिरती बटने, एखाददुसरा कपॅसिटर आणि बाहेर जाणारी वायर जोडण्याचे भोक. एवढ्यावर विद्युत गिटारीचा अंतर्भाग संपतो. हे भोक आणि त्यात बसणारी पाव इंची पिन गिटारीसाठी जन्मलेलीच नव्हती. एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर ज्या पिना हाताने खोचत, त्यांचीच ती वंशज. म्हणूनच १९५२ ची गिटार आजच्या अ‍ॅम्प्लिफायरला कोणत्याही मध्यस्थाविना जोडता येते.

४/
अशी गिटार झिजत नाही असे नव्हे. तारा तुटतात, पडदे झिजतात, बटने खरखरतात, कधी पिकअपचे वेटोळेही आतून तुटते. पण यातील प्रत्येक गोष्ट कुशल कारागिराला बदलता येते. वेटोळे नव्याने गुंडाळता येते, बटन कोणत्याही कंपनीचे चालते, आणि संपूर्ण विद्युत आराखडा तळहाताएवढ्या कागदावर मावतो. मूळ उत्पादक जिवंत आहे की नाही, याच्याशी दुरुस्तीचा काहीही संबंध नसतो. पुढील सारा इतिहास समजण्यासाठी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

५/
गिब्सनची 'लेस पॉल' गिटार १९५२ साली आली. १९५८ ते १९६० या काळात तिच्यावर सूर्यास्तासारखी लालपिवळी झाक दिली जाई. ती 'सनबर्स्ट' आवृत्ती दोन हजारांहूनही कमी बनली. खप घटला आणि १९६१ मध्ये दोन शिंगांचा नवा आकार तिच्या जागी आला. पुढे १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या 'ब्लूज ब्रेकर्स' या ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टनने जुन्या लेस पॉलचा घनदाट स्वर ऐकवला. तिची मागणी इतकी वाढली की १९६८ मध्ये कंपनीला लेस पॉलचे उत्पादन पुन्हा सुरू करावे लागले.

६/
याच बंद पडलेल्या पिढीतील १९५९ ची एक गिटार 'ग्रीनी' नावाने प्रसिद्ध आहे. ती आधी पीटर ग्रीनकडे होती, मग गॅरी मूरकडे गेली, आणि २०१४ पासून मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. तिच्या एका पिकअपमधील चुंबक उलटा असल्याने तिचा स्वर आगळा झाला, असे सांगितले जाते. साठ वर्षांहून अधिक काळात हात बदलले, अ‍ॅम्प्लिफायर बदलले, संगीताचे प्रकार बदलले. गिटारीला मात्र कोणाची परवानगी, कोणते सॉफ्टवेअर किंवा कोणता विशिष्ट सुटा भाग लागला नाही.

७/
मग एवढ्या सोप्या वाद्यात कोणी गुंतागुंत का भरावी? त्याला कारण होते. १९६० च्या दशकात ऑर्गन आणि नंतर सिंथेसायझर यांनी कीबोर्ड वादकांना नवनव्या ध्वनींचे भांडार खुले करून दिले. गिटारवादकांच्या हाती मात्र सहा तारांचाच स्वर राहिला. तो भेद मिटवण्याचा मोह स्वाभाविक होता. इंग्लंडमधील व्हॉक्स कंपनीने १९६६ मध्ये 'गिटार ऑर्गन' काढली. बाहेरून ती गिटार दिसे. तिच्या पोटात मात्र ऑर्गनचे ट्रान्झिस्टर मंडल कोंबलेले होते.

८/
तिचे पडदे विजेच्या बटनांसारखे काम करीत. तार पडद्यावर दाबली की मंडल पूर्ण होई आणि त्या स्वराचा ऑर्गन वाजे. कल्पना चतुर होती. पण दाट गुंफलेल्या तारांचे जाळे, अनेक नाजूक जोड आणि वेगळा वीजपुरवठा यांमुळे ती बेभरवशाची ठरली आणि थोड्याच काळात बंद झाली. ही गिटार डिजिटल नव्हती. तरीही पुढच्या सर्व प्रयोगांची जन्मखूण तिच्यावर दिसते : आतील विद्युत रचना बिघडली की ज्या गुणासाठी वाद्य घेतले तो गुणच जातो.

९/
जपानच्या रोलँड कंपनीने १९७७ मध्ये जीआर-५०० ही गिटार सिंथेसायझर प्रणाली आणली. तिची गिटार फुजिजेन या जपानी वाद्यनिर्मात्याने घडवली होती. इथे कामाची विभागणी झाली. गिटारीत प्रत्येक तारेसाठी स्वतंत्र पिकअप होता, तर ध्वनी घडवणारा सिंथेसायझर वेगळ्या पेटीत होता. दोहोंना जोडणारी केबल मात्र २४ पिनांची, खास त्याच प्रणालीसाठीची होती. १९८० मध्ये आलेली जीआर-३०० याच मार्गाने पुढे गेली आणि कितीतरी अधिक यशस्वी ठरली.

१०/
पॅट मेथेनीने १९८२ च्या 'ऑफरँप' या ध्वनिमुद्रिकेत जीआर-३०० चा तुतारीसारखा स्वर अजरामर केला. तिचे उत्पादन थांबून दशके लोटली, तरी तो ती वापरत राहिला. तिचे सिंथेसायझर मंडल अ‍ॅनालॉग होते. त्यातील भाग मोजमापाच्या उपकरणांनी तपासता येत आणि पुष्कळसे बदलताही येत. शिवाय पेटी निकामी झाली तरी गिटार लाकडाने, तारांनी आणि नेहमीच्या पिकअपांनी पूर्ण गिटारच राहते. गळ्याला खोल इजा झाल्याशिवाय तिला मरण नाही.

११/
डिजिटल युगाने एक वेगळीच अडचण आणली. तारेचा सूर ओळखून तो आकड्यांत मांडायचा, तर यंत्राला तारेचे किमान एक-दोन आवर्तन ऐकावे लागते. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. म्हणजे एका आवर्तनाला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. वादकाच्या बोटाला आणि कानाला हा विलंब जाणवतो. तो कमी करण्यासाठी दर पिढीत अधिक वेगवान चिप आली, आणि दर पिढीने आधीच्या पिढीला कालबाह्य ठरवले.

१२/
१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात घड्याळे आणि कॅल्क्युलेटर यांसाठी ख्यात असलेली कॅसिओ कंपनी या क्षेत्रात उतरली. १९८८ च्या सुमारास आलेल्या तिच्या पीजी-३८० या गिटारीत सूर ओळखणारे यंत्र आणि सिंथेसायझर, दोन्ही गिटारीच्या अंगातच होते. बाहेर पेटी नको, विशेष केबल नको. रंगमंचावर मोकळेपणी वावरणाऱ्या वादकासाठी याहून सोयीचे काय असणार? कॅसिओचा गिटारींचा अध्याय मात्र थोड्याच वर्षांत मिटला, आणि ती सोयच पुढे तिच्या मालकांची अडचण बनली.

१३/
कारण अशा गिटारीचे आतील भाग चार वेगवेगळ्या वाटांनी मरतात. पहिली वाट रसायनाची. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव काही दशकांत सुकतो किंवा गळतो. बॅटरी फुटली तर तिचा क्षार सर्किट बोर्डवरील तांबे खातो. दुसरी वाट स्मृतीची. जुन्या ईप्रॉम चिपमध्ये कार्यक्रम विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो, आणि तो भार वर्षानुवर्षे कणाकणाने झिरपत जातो. बाहेरून बोर्ड नवाकोरा दिसत असतानाही आतून तो सारे विसरलेला असू शकतो.

१४/
तिसरी वाट एकाधिकाराची. विशिष्ट कंपनीने स्वतःसाठी घडवून घेतलेली चिप अन्यत्र मिळत नाही; ती बिघडली तर दुसऱ्या मृत गिटारीतून काढूनच आणावी लागते. चौथी वाट संवादाची. ज्या केबलने किंवा सॉफ्टवेअरने गिटार जगाशी बोलते, ते जगातून नाहीसे झाले की गिटार मुकी होते. पहिल्या दोन वाटा झिजेच्या आहेत आणि कुशल हात त्या पुष्कळ अंशी रोखू शकतात. उरलेल्या दोन वाटांचे नियंत्रण सर्वस्वी उत्पादकाकडे असते.

१५/
याच्या उलट उदाहरणही त्याच काळातले आहे. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी एकत्र येऊन 'मिडी' हा वाद्यांच्या परस्पर संवादाचा खुला संकेत स्वीकारला. त्यावर कोणा एकाची मालकी नव्हती, म्हणून तो चार दशकांनंतरही जिवंत आहे. कॅसिओच्या त्या गिटारीचा सूर-परिवर्तक अजून चालत असेल, तर तिच्या मिडी तोंडातून ती आजच्या संगणकातील सिंथेसायझरही वाजवू शकते. तंत्र डिजिटल असले म्हणजे ते अल्पायुषीच असते, हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

१६/
नव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील लाइन ६ कंपनीने 'व्हेरिअ‍ॅक्स' गिटार आणली. तिच्यात चुंबकी पिकअप नव्हतेच. घोडीत बसवलेले पिझो संवेदक प्रत्येक तारेचे कंपन टिपत, आणि आतील प्रोसेसर त्याला वेगवेगळ्या प्रसिद्ध गिटारींचा स्वर देई. एक बटन फिरवले की टेलिकास्टर, दुसऱ्या खुणेवर लेस पॉल, तिसऱ्यावर बारा तारांची गिटार. चार-पाच वाद्ये घेऊन दौरे करणाऱ्या वादकाचे ओझे तिने खरोखरच हलके केले.

१७/
पण चुंबकी पिकअप नसल्याचा अर्थ असा की वीज नसली तर आवाजही नाही. बोर्ड गेला की ही विद्युत गिटार केवळ घडवलेले लाकूड उरते. पुढे एक अनपेक्षित प्रथा निर्माण झाली. हौशी कारागीर जुन्या व्हेरिअ‍ॅक्सच्या पोटातील बोर्ड काढून आपल्या आवडीच्या दुसऱ्या गिटारीत बसवू लागले. अवयव-रोपणासारखाच हा प्रकार. बंद पडलेल्या मॉडेलचे आयुष्य त्याने वाढवले. मात्र प्रत्येक रोपणासाठी एक जुनी गिटार रिकामी करावी लागे, आणि नवे बोर्ड तर कोणी घडवत नव्हते.

१८/
कंपनीनेही धडा घेतला. २०१० मध्ये जेम्स टायलर या गिटारनिर्मात्याच्या सहकार्याने आलेल्या व्हेरिअ‍ॅक्सच्या नव्या पिढीत नेहमीचे चुंबकी पिकअप परतले. डिजिटल भाग झोपला तरी गिटार बोलती राहावी, अशी ती तरतूद होती. मात्र तिच्यासाठी खास घडवलेली लिथियम-आयन बॅटरी हा नवा दुवा निर्माण झाला. बाजारात कुठेही मिळणाऱ्या पेन्सिल सेलची जागा एका विशिष्ट आकाराच्या बॅटरीने घेतली, की त्या बॅटरीचे उत्पादन किती काळ चालेल हा प्रश्न गिटारीलाही चिकटतो.

१९/
आता पुन्हा गिब्सनकडे. १९८६ मध्ये हेन्री जस्कविट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डबघाईला आलेली ही कंपनी विकत घेऊन सावरली. गिटारीचे तंत्र १९५० च्या दशकात गोठून राहिले आहे, असे जस्कविट्झचे ठाम मत होते. त्याच्या काळात संगणकाच्या नेटवर्क केबलने जोडली जाणारी डिजिटल लेस पॉल निघाली. मग डिसेंबर २००७ मध्ये 'रोबॉट गिटार' आली. तिच्या खुंट्या मोटरवर चालत आणि सहाही तारा काही क्षणांत आपोआप सुरात लागत. हे तंत्र जर्मनीतील ट्रॉनिकल कंपनीचे होते.

२०/
तारा जुळवण्याचे काम यंत्राने करावे, ही मागणी अवाजवी नव्हती. गाण्यागणिक वेगळी जुळणी लागणाऱ्या वादकाला तिचे मोल कळत होते. पण गिब्सन तेवढ्यावर थांबली नाही. २००८ ची 'डार्क फायर' संगणकाशी फायरवायर पेटीमार्फत बोले. काही वर्षांतच संगणकांवरून फायरवायरची जागा नाहीशी झाली. गिटारीच्या लाकडाचा बहर अजून सुरूही झाला नव्हता, तोवर तिची जोडणी वस्तुसंग्रहालयाच्या वाटेला लागली.

२१/
२०१० मध्ये जाहीर झालेली 'फायरबर्ड एक्स' ही या वाटचालीची परिसीमा. स्वयंचलित खुंट्या, आतच ध्वनिपरिणाम घडवणारा प्रोसेसर, बिनतारी ब्लूटूथ पेडल आणि पाच हजार डॉलरहून अधिक किंमत. वादकांनी तिला थंड प्रतिसाद दिला. तरीही २०१५ मध्ये कंपनीने आपल्या बहुतांश अमेरिकी मॉडेलांवर स्वयंचलित खुंट्या बसवल्या आणि किमतीही वाढवल्या. गिऱ्हाईक इतके नाराज झाले की पुढच्याच वर्षी साध्या खुंट्यांची मॉडेले परत आणावी लागली.

२२/
१ मे २०१८ रोजी गिब्सनने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. त्याचे खापर रोबॉट गिटारींवर फोडणे अन्यायाचे होईल. फिलिप्सचा ध्वनी-उपकरणांचा व्यवसाय विकत घेण्यासारख्या विस्तारातून चढलेले कर्ज हे त्याचे मुख्य कारण होते. पुढे व्यवस्थापन बदलले. २०१९ मध्ये फायरबर्ड एक्स गिटारी यंत्राखाली चिरडल्या जात असल्याची चित्रफीत जगभर फिरली. हे नमुने दुरुस्तीपलीकडचे होते आणि त्यांतील भाग असुरक्षित होते, असा खुलासा कंपनीने केला.

२३/
त्या गिटारी संगीत शिकणाऱ्या मुलांना का दिल्या नाहीत, असा संतप्त प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. कंपनीचा खुलासा मान्य केला, तर उत्तर अधिकच अस्वस्थ करणारे आहे. सदोष विद्युत भाग काढून टाकून केवळ गिटार वाचवणे हे चिरडण्यापेक्षा महाग पडावे, इतके दोन्ही एकमेकांत मिसळलेले होते. मराठीत म्हण आहे, सुक्याबरोबर ओलेही जळते. शंभर वर्षे टिकू शकणारे लाकूड, दहा वर्षांत जुन्या होणाऱ्या बोर्डाबरोबर गेले.

२४/
वेगळा मार्ग शक्य होता, आणि काहींनी तो धरलाही. आयबानेझने २०१५ मध्ये आणलेल्या एका गिटारीत कॉर्ग कंपनीचे स्पर्शाने चालणारे 'कॅओस पॅड' बसवले होते, पण ते काढून वेगळेही वापरता येई. रोलँडने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणलेली १३ पिनांची जोडणी तीन दशकांहून अधिक काळ चालू ठेवली. २०२३ मध्ये नवी डिजिटल जोडणी आली, तेव्हा जुन्या गिटारी तिला जोडता याव्यात म्हणून परिवर्तकही काढले. मागच्या पिढीला दार उघडे ठेवण्याची ही पद्धत होती.

२५/
हा विषय केवळ जुन्या वाद्यांचा नाही. मूअर, लाव्हा यांसारख्या कंपन्यांच्या आजच्या गिटारींत प्रोसेसर, मोबाइल अ‍ॅप, स्पर्शपडदा हे सारे आले आहे. नवशिक्यांना त्यांचा लाभही होतो. पण विकत घेणाऱ्याने तीन प्रश्न विचारायला हवेत. वीज नसताना ही गिटार वाजेल का? बॅटरी आणि बोर्ड लाकूड न फोडता बदलता येतील का? आणि ज्या अ‍ॅपवर ती अवलंबून आहे ते उद्या बंद झाले, तर तिच्यातील किती गुण शिल्लक राहतील?

२६/
१९६० मध्ये बंद झालेल्या लेस पॉलला पुढची सहा दशके लाभली, कारण तिच्यातील प्रत्येक भाग तिच्या निर्मात्याशिवायही बदलता येत होता. तिच्या वंशजांपैकी ज्या गिटारींत डिजिटल भाग वेगळा ठेवला गेला किंवा खुल्या संकेताने बोलत राहिला, त्यांनाही दीर्घायुष्य मिळाले. ज्यांच्यात तो हाडामांसात मिसळून एकाच कंपनीच्या स्वाधीन केला गेला, त्यांचे उत्पादन थांबले तेव्हाच दुरुस्तीचीही वाट बंद झाली. वाद्य पुढच्या पिढीच्या हाती जाईल की नाही, हे अशा रीतीने कारखान्यात आराखडा आखतानाच ठरून जाते. (समाप्त)